आवाज कोणता, ते आधी लिहा

मी पाचवीच्या वर्गाला शिकवते. माझं घर आणि शाळा, दोन्ही विमानतळाच्या धावपट्टीच्या रेषेत येतात. घर धावपट्टीच्या टोकापासून साधारण सहा किलोमीटरवर, शाळा त्याहून थोडी जवळ. वाचनाच्या तासाला डोक्यावर विमान आलं की मुलं आपोआप थांबतात. पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवतात, विमान जाईपर्यंत ते बोट हलत नाही, आणि मग त्याच शब्दापासून वाचन पुढे सुरू होतं. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही. नव्याने आलेल्या मुलालाही दोन दिवसांत ते जमतं. कित्येक वर्षं मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. एकदा मात्र ती बोटं एका तासात किती वेळा थांबतात, ते मी फळ्याच्या कोपऱ्यात रेघा ओढून मोजलं. अकरा रेघा झाल्या. त्या दिवशी घरी येताना मन थाऱ्यावर नव्हतं.

त्याच सुमारास रात्रीची विमानं वाढली. आईची झोप आधीच सावध. पहिल्या विमानाला तिला जाग यायची, दुसऱ्याची वाट बघत ती पडून राहायची आणि तिसरं येईपर्यंत पहाट झालेली असायची. मला आणि शेजारच्यांना वाटलं, आता गप्प बसून चालणार नाही. आम्ही अर्ज लिहिला, घरोघरी फिरून सह्या घेतल्या आणि विमानतळाच्या कार्यालयात नेऊन दिला. परिसराला विमानांच्या आवाजाचा असह्य त्रास होतो, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, असा तो अर्ज होता. उत्तर आलं तीन ओळींचं. इथे येणारी सर्व विमानं आंतरराष्ट्रीय मानकांत बसतात आणि परिसरातल्या आवाजाची सरासरी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत आहे. आम्ही चिडून दुसरा अर्ज दिला. उत्तर तेच, तारीख तेवढी बदललेली.

आमच्याच गल्लीत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर राहतात. त्यांना मी दोन्ही अर्ज दाखवले. त्यांनी शांतपणे वाचले आणि म्हणाले, "ताई, यात 'आवाज' हा शब्द सात वेळा आलाय. पण कोणता आवाज, ते एकदाही लिहिलेलं नाही." मला थोडा रागच आला. रात्री तीनला छतावरून विमान जातं, त्यात कोणता आवाज काय विचारायचं? सरांनी एक कोरी वही माझ्या हातात दिली. म्हणाले, दोन महिने फक्त लिहा. वेळ, विमान उतरत होतं की चढत होतं, वारा कुठून होता, आणि आवाज कसा होता. किती मोठा ते नंतर बघू. कसा होता, ते लिहा.

ती वही आईच्या खिडकीशी दोरीने बांधून ठेवली. दिवसा मी लिहायची, रात्री आई. अंधारात चाचपडत लिहिलेल्या तिच्या ओळी एकमेकींवर चढलेल्या असायच्या, पण नोंदी माझ्यापेक्षा चोख. महिनाभरात लक्षात आलं की आम्ही ज्याला एक आवाज समजत होतो ते निदान चार होते. चढणाऱ्या विमानाची फाडत जाणारी घरघर. उतरणाऱ्या विमानाचा सळसळता, वाऱ्यासारखा आवाज. काही उतरणाऱ्या विमानांच्या आधी ऐकू येणारी बारीक शिट्टी. आणि चौथा, ज्याने आम्हाला सगळ्यात जास्त चकवलं, तो म्हणजे आकाशात एकही विमान नसताना मध्यरात्रीनंतर वीस-पंचवीस मिनिटं चालणारं घुमणं. खिडकीची तावदानं त्याने थरथरायची. आईने त्याला 'जातं' म्हणायला सुरुवात केली. वहीत ती तसंच लिहायची, "१.५०, जातं, बराच वेळ."

शिट्टीचं कोडं आधी सुटलं. एअरबस ए-३२० या घराण्यातल्या विमानांच्या पंखाखाली इंधनटाकीचा दाब सांभाळणारी गोल छिद्रं असतात. उतरताना त्यांच्यावरून वेगाने हवा जाते आणि बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर वाजतं तसं ते वाजतं. विमान अजून दूर असतानाच ही शिट्टी कानावर येते. त्यावर उपायही सापडलेला आहे. छिद्राच्या पुढे धातूची एक लहानशी पट्टी बसवली की हवेचा प्रवाह मोडतो आणि शिट्टी थांबते. लुफ्थान्साने २०१४ पासून आपल्या विमानांवर ती बसवायला घेतली, पुढे इतर कंपन्यांनीही बसवली. हे कळलं त्या रात्री मी कितीतरी वेळ जागी होते. इतकी वर्षं जो आवाज मी विमान म्हटलं की यायचाच असं धरून चालले होते, तो हाताच्या पंजाएवढ्या पत्र्याने जाणारा होता.

'जातं' सुटायला मात्र तिसरी भेट लागली. तोवर विमानतळावर पर्यावरणाचं काम पाहणाऱ्या एक अधिकारी बाई आम्हाला ओळखू लागल्या होत्या. वहीतल्या वेळा त्यांनी आपल्याकडच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि म्हणाल्या, "या वेळी तर काही उतरलंही नाही आणि उडालंही नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "दुरुस्तीनंतर इंजिनं तपासतात ती हीच वेळ." विमान जमिनीवर उभं करून इंजिन मोठ्या ताकदीवर चालवून बघतात. आमच्या दोन्ही अर्जांत या आवाजाचा उल्लेख नव्हता, कारण आम्ही विमानांविरुद्ध लिहिलं होतं आणि हा आवाज आम्हाला विमानाचा वाटलाच नव्हता. आईच्या वहीमुळे तो पहिल्यांदा कागदावर आला.

जमिनीलगतचा असा जाड आवाज भिंतींना दाद देत नाही, लांबवर पसरतो. अॅमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर २००३ मध्ये नवी धावपट्टी सुरू झाल्यावर आसपासच्या लोकांना असाच त्रास होऊ लागला. तिथे एक गोष्ट ध्यानात आली. शेजारची शेतं नांगरल्यावर आवाज कमी व्हायचा. नांगरटीच्या सऱ्या-वरंब्यांत आवाज विखरत होता. त्यावरून तिथे मातीचे कोनदार वरंबे घालून बागच उभारली, २०१३ मध्ये ती खुली झाली. नांगरलेल्या जमिनीवरून आवाज कमी येतो हे आधी कुणीतरी कान देऊन ऐकलं असेल, तेव्हाच पुढचं संशोधन झालं. सरांनी आम्हाला वही का दिली, ते मला इथे उमगलं.

आता त्या तीन ओळींच्या उत्तराविषयी. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे पचवायला मला वेळ लागला. विमानांना आवाजाचं प्रमाणपत्र लागतं हे खरं. पण ते विमानाच्या जातीला मिळतं. आवाज ठरलेल्या तीन ठिकाणी मोजतात, त्यातली उतरतानाची जागा धावपट्टीच्या उंबरठ्यापासून २००० मीटरवर असते. मानकं वेळोवेळी कडक होत गेली. २००६ पासूनच्या नव्या जातींना आधीच्यापेक्षा १० डेसिबल कमी, आणि २०१७ अखेरपासूनच्या मोठ्या विमानांना त्याहून ७ डेसिबल कमी. ऐकायला भरघोस वाटतं, पण हे आकडे तिन्ही ठिकाणच्या बेरजेचे आहेत. ७ डेसिबल तीन जागी वाटले की एका जागी दोन-सव्वादोन उरतात, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. शिवाय जुन्या जातीची विमानं पुढेही बरीच वर्षं उडत राहतात.

सरासरीचं गणित सरांनी आमच्या ओट्यावर बसून समजावलं. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. १० डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते, कानाला मात्र तो साधारण दुप्पट वाटतो. आणि तशाच विमानांची संख्या दुप्पट झाली, तर त्यांच्या आवाजाची सरासरी वाढते फक्त ३ डेसिबलने. म्हणजे दिवसाला शंभर विमानं जायची तिथे दोनशे जाऊ लागली, तरी कागदावर आकडा तीनने सरकतो. वर्गात मात्र बोटं दुप्पट वेळा थांबतात. सरासरी काढण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. युरोपात वापरतात त्या पद्धतीत संध्याकाळच्या विमानाला ५ आणि रात्रीच्या विमानाला १० डेसिबल जादा धरतात. त्या हिशोबाने रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहा विमानांएवढं मोजलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये विमानांच्या आवाजासाठी अशी सरासरी ४५ डेसिबलच्या खाली आणि फक्त रात्रीची ४० च्या खाली ठेवण्याची जोरदार शिफारस केली आहे. पुढच्या बैठकीत आम्ही सरासरी किती हे विचारलंच नाही. कोणत्या पद्धतीने, कोणत्या तासांची, आणि रात्री अकरा ते सहाच्या दरम्यान एकूण किती विमानं, एवढंच विचारलं. त्या दिवशी समोरच्यांनी पहिल्यांदा फाईल उघडून उत्तर दिलं.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते हवाई वाहतूक नियंत्रक आणि एका वैमानिकाबरोबरच्या बैठकीत. आमची मागणी तयार होती: विमानं उंचावरून आणा. नियंत्रकांनी कागदावर तिरकी रेघ काढली. बहुतेक ठिकाणी विमान ३ अंशांच्या उताराने उतरतं, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. सहा किलोमीटरवरच्या आमच्या घरावर ते तीनशेच्या थोडं वर असणार. उतार ३.२ अंश केला, आणि काही विमानतळांवर तसं केलंही आहे, तरी आमच्या डोक्यावर वीसेक मीटरच वाढतील. मग त्यांनी रेघेच्या मागचा भाग दाखवला. वीस-पंचवीस किलोमीटरवर विमानं टप्प्याटप्प्याने खाली येतात, मध्ये आडवी उडतात, आणि आडवं उडायचं तर इंजिनाला जोर लावावा लागतो. त्याऐवजी विमान उंच ठेवून एका सलग उताराने, इंजिन जवळपास मोकळं सोडून आणलं, तर तिथला आवाज बराच कमी होतो आणि इंधनही वाचतं. वैमानिक म्हणाले, चाकं आणि पंखांवरच्या झडपा लवकर बाहेर काढल्या तरी आवाज वाढतो. उतरताना निम्मं गाणं इंजिनाचं नसतंच, हवा कापणाऱ्या या भागांचं असतं. सुरक्षिततेला धक्का न लागता ते थोडं उशिरा करता येतं.

मी विचारलं, "सलग उतरण सुरू केली तर आमच्याकडे किती फरक पडेल?"

"तुमच्याकडे जवळपास नाही," नियंत्रक म्हणाले. "पंचवीस किलोमीटरवरच्यांना पडेल."

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. दीड वर्षाची धावपळ, आणि हाती लागलेला उपाय ज्यांना आम्ही कधी पाहिलं नाही त्यांच्या उपयोगाचा. सर म्हणाले, "मग ते मागणीत पहिलं लिहा." मला त्या माणसाचा त्या क्षणी फार अभिमान वाटला.

कारण त्याच्या आदल्याच आठवड्यात आमच्यात मोठं भांडण झालं होतं. गटातल्या काहींचं म्हणणं होतं की चढणाऱ्या विमानांचा मार्ग थोडा उत्तरेला सरकवा, तिकडे वस्ती विरळ आहे. मीही त्याला मान डोलावली होती. पुढच्या सभेला त्या विरळ वस्तीतले आठ-दहा लोक आले. त्यांच्यातल्या एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, मागे बसून राहिल्या. पूर्वी विमानं एकाच दिशेला जाताना थोडी इकडेतिकडे पसरायची. उपग्रहाच्या आधारे उड्डाण सुरू झाल्यापासून ती सुईच्या नेमाने एकाच रेषेवरून जातात. रेषेखालच्यांना सगळी, बाजूच्यांना एकही नाही. ती रेषा सरकवून आवाज कमी होत नाही, छप्पर तेवढं बदलतं. लंडनच्या हीथ्रोवर विमानं पश्चिमेकडे उतरत असतात तेव्हा दुपारी ३ वाजता उतरण्याची धावपट्टी बदलतात, म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा दिवस शांतता मिळते आणि ती कधी मिळणार हे आधी माहीत असतं. आमच्याकडे धावपट्टी एकच, त्यामुळे ते शक्य नाही. पण वाटून घेण्याची कल्पना सभेला पटली. उत्तरेची मागणी आम्ही मागे घेतली. चार जण त्या दिवशी गट सोडून गेले. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्या घरावरून खरंच जास्त विमानं जातात.

आमच्या वाट्याला जे आलं ते वाऱ्यामुळे आलं. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि उडतं, त्यामुळे कोणत्या टोकाने उतरायचं हे वारा ठरवतो. पण वारा मंद असेल तर निवड करता येते. मागून येणारा वारा ताशी ९ किलोमीटरपेक्षा, म्हणजे ५ नॉटपेक्षा, जास्त असेल तर केवळ आवाजासाठी धावपट्टीची दिशा निवडू नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. आमच्या वहीत वाऱ्याचा रकाना पहिल्या दिवसापासून होता, आणि मध्यरात्रीनंतर बहुतेक रात्री तिथे आईने 'पान हलत नाही' असं लिहिलं होतं. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला वस्ती नाही. विमानं कमी असतात त्या तासांत त्या टोकाकडून उतरायचं आणि त्याच बाजूला उडायचं, असा प्रयोग करून बघू, असं ठरलं. समोरासमोरची वाहतूक सांभाळावी लागते म्हणून गर्दीच्या वेळी ते जमत नाही, हे नियंत्रकांनी स्पष्ट सांगितलं आणि आम्हाला ते पटलं.

इंजिनांच्या चाचण्या दिवसा आणि धावपट्टीच्या पलीकडच्या कोपऱ्यात हलल्या. यासाठी वेगळं बांधकाम लागलं नाही, वेळापत्रक आणि जागा बदलली. उतरल्यावर वेग कमी करायला इंजिनाचा झोत उलटा फिरवतात. रात्री गरज नसेल तर तो पूर्ण ताकदीने वापरू नये, अशी सूचना वैमानिकांना गेली. उभ्या विमानांना जमिनीवरून वीज देण्याची सोय दोन जागी झाली, तिथे शेपटीतलं लहान इंजिन चालू ठेवावं लागत नाही. सलग उतरण गर्दी नसताना होते. रात्रीच्या बंदीचं मात्र काही झालं नाही. सिडनीत १९९५ च्या कायद्याने रात्री ११ ते सकाळी ६ निर्बंध आहेत, फ्रँकफुर्टला २०११ पासून ११ ते ५ नियोजित उड्डाणं नाहीत. आम्ही ही दोन्ही उदाहरणं दिली. माझं मत आजही ठाम आहे की वस्तीतल्या विमानतळाला रात्रीचे निदान सहा तास बंदच ठेवलं पाहिजे. ती मागणी आम्ही सोडलेली नाही.

आईच्या खोलीची खिडकी हा वेगळाच अनुभव. जुन्या खिडकीच्या आत दुसरी खिडकी बसवली, दोन काचांमध्ये वीतभर अंतर ठेवून. काचा मुद्दाम वेगवेगळ्या जाडीच्या घेतल्या, म्हणजे दोन्ही एकाच आवाजाला सारख्या थरथरत नाहीत. कारागीर काचेपेक्षा चौकटीवर जास्त वेळ रेंगाळला. मेणबत्ती लावून तो चौकटीभोवती फिरवायचा, ज्योत जिथे हलेल तिथे रबराची पट्टी. म्हणाला, बोटभर फट राहिली तरी एवढी जाड काच वाया. पहिल्या रात्री शांतता पसरली आणि आई घाबरून उठून बसली. "गुदमरतंय," म्हणाली. खिडकी घट्ट झाली की हवा यायची वाट बंद होते, हे आम्ही विसरलोच होतो. मग आतून मऊ अस्तर लावलेली वळणाची हवावाट भिंतीत बसवली. घरघर आणि शिट्टी निम्म्याहून खाली आली. जाड घुमणं मात्र काचेतूनही येतंच, म्हणून चाचण्यांची वेळ बदलणं खिडकीपेक्षा मोलाचं ठरलं.

शाळेसाठी मी अजून भांडतेय. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेतली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्याजवळच्या मुलांचं घसरलं. २००५ मध्ये स्खिपोल, हीथ्रो आणि माद्रिदच्या विमानतळांजवळच्या २८०० हून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही जास्त आवाजातल्या मुलांची वाचनातली समज कमी निघाली. हे वाचून मला रडू आलं आणि धीरही आला, कारण आवाज गेल्यावर मुलं सावरली होती. आमच्या दोन वर्गांना आता दुहेरी खिडक्या आहेत, उरलेल्या सहांना नाहीत. माझा वर्ग त्या सहांतला.

खिडकीशी बांधलेली वही आता सातवी. काल रात्रीच्या पानावर आईच्या अक्षरात एकच ओळ आहे: "४.१०, उतरताना, शिट्टी." पंखाखाली ती पट्टी न बसवलेली विमानं अजून एकाच कंपनीची येतात. तिच्यासाठी पत्राचा मसुदा मी टेबलावर काढून ठेवलाय, सर संध्याकाळी बघून देतो म्हणालेत.